केनेडी राष्ट्राध्यक्षपदाला पात्र होते का? १९६० च्या अमेरिकी निवडणुकीतील वादाविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॉन एफ. केनेडी यांनी २ जानेवारी १९६० रोजी आपली उमेदवारी जाहीर केली आणि ८ नोव्हेंबरला मतदान झाले. मधल्या दहा महिन्यांत या एका माणसाच्या पात्रतेची जेवढी उलटसुलट चर्चा झाली, तेवढी फार थोड्या उमेदवारांच्या वाट्याला येते. पुढील उत्तरांमागे एक ठाम मत आहे आणि ते आरंभीच सांगितलेले बरे. ज्या आक्षेपाचा सर्वाधिक गाजावाजा झाला, त्या धर्माच्या आक्षेपाला केनेडी यांनी चोख आणि प्रामाणिक उत्तर दिले. जो आक्षेप खरोखर तपासून पाहायला हवा होता, तो प्रकृतीचा आक्षेप मात्र खोटे सांगून दाबला गेला.

केनेडी यांच्या विरोधात नेमके कोणते आक्षेप होते?

वय कमी, कारभाराचा अनुभव नाही, धर्माने कॅथलिक, वडिलांचा पैसा अफाट आणि सिनेटमधील कामगिरी बेताची, असे पाच आक्षेप उघडपणे घेतले जात होते. यांतील बरेचसे आक्षेप रिपब्लिकनांच्या आधी त्यांच्याच डेमोक्रॅटिक पक्षातून पुढे आले, हे विशेष. माजी राष्ट्राध्यक्ष हॅरी ट्रुमन, फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट आणि सिनेटमधील बहुमताचे नेते लिंडन जॉन्सन या तिघांनाही केनेडी यांना उमेदवारी मिळू नये असे वाटत होते.

वयाचा आणि अननुभवाचा आक्षेप कितपत रास्त होता?

हा प्रश्न सर्वांत थेटपणे ट्रुमन यांनी विचारला. २ जुलै १९६० रोजी, म्हणजे पक्षाचे अधिवेशन लॉस एंजेलिसला भरण्याच्या काही दिवस आधी, त्यांनी दूरचित्रवाणीवरून प्रक्षेपित झालेल्या पत्रकार परिषदेत केनेडी यांना उद्देशून विचारले की, देशासाठी आपण पुरते तयार आहात आणि देशही आपल्यासाठी तयार आहे, याची आपल्याला खात्री आहे का? केनेडी तेव्हा ४३ वर्षांचे होते. थिओडोर रूझवेल्ट ४२ व्या वर्षी राष्ट्राध्यक्ष झाले होते हे खरे, पण ते राष्ट्राध्यक्ष मॅकिन्ली यांच्या हत्येमुळे. निवडून आलेला एवढा तरुण राष्ट्राध्यक्ष तोवर झाला नव्हता.

केनेडी यांनी दोनच दिवसांनी, ४ जुलैच्या स्वातंत्र्यदिनी, न्यूयॉर्कमध्ये उत्तर दिले. चव्वेचाळीशीच्या आतील सर्वांना जबाबदारीच्या पदांपासून दूर ठेवायचे ठरवले असते, तर जेफरसन यांना स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिता आला नसता, वॉशिंग्टन यांना सैन्याचे नेतृत्व करता आले नसते आणि कोलंबसला अमेरिकेपर्यंत पोहोचता आले नसते, असा त्यांचा युक्तिवाद होता. टाळ्या मिळवणारे हे उत्तर होते आणि वयापुरते ते पुरेसेही होते. अनुभवाच्या प्रश्नाला मात्र त्याने हात घातला नाही. आपण चौदा वर्षे निवडून येत आहोत असे केनेडी म्हणाले, परंतु १९४७ पासून प्रतिनिधिगृहात आणि १९५३ पासून सिनेटमध्ये बसलेल्या या सदस्याच्या नावावर मोठा म्हणावा असा कायदा नव्हता. कोणत्याही राज्याचे गव्हर्नरपद त्यांनी सांभाळले नव्हते, की कोणते खाते चालवले नव्हते. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४३ मध्ये, सॉलोमन बेटांजवळ त्यांची गस्ती नौका एका जपानी विनाशिकेच्या धडकेने दुभंगली, तेव्हा जखमी सहकाऱ्याच्या जीवरक्षक जाकिटाचा पट्टा दातांत धरून ते पोहत बेटावर पोहोचले. हे शौर्य निर्विवाद आहे, पण शौर्य आणि राज्यकारभार या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. ट्रुमन यांचा प्रश्न म्हणूनच योग्य होता असे मला वाटते.

रिपब्लिकन उमेदवार रिचर्ड निक्सन यांचा अनुभव खरोखरच अधिक होता का?

प्रचाराचा सारा भर त्यावरच होता. आठ वर्षे उपाध्यक्ष राहिलेले आणि जुलै १९५९ मध्ये मॉस्कोतील प्रदर्शनात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह यांच्याशी समोरासमोर वाद घातलेले निक्सन यांनी स्वतःला मुरलेला राज्यकर्ता म्हणून मतदारांपुढे ठेवले. प्रत्यक्षात ते केनेडी यांच्याहून केवळ चार वर्षांनी मोठे होते. दोघेही एकाच वेळी, जानेवारी १९४७ मध्ये, प्रतिनिधिगृहात दाखल झाले होते आणि त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील मॅककीस्पोर्ट या पोलादनगरीत कामगार कायद्यावर एकमेकांविरुद्ध बोललेही होते.

या दाव्याला खरा तडा विरोधकांनी दिला नाही. २४ ऑगस्ट १९६० च्या पत्रकार परिषदेत एका वार्ताहराने राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना विचारले की, निक्सन यांनी सुचवलेली आणि आपण स्वीकारलेली एखादी मोठी कल्पना सांगाल का? आयझेनहॉवर उत्तरले, "मला एक आठवडा दिलात तर कदाचित एखादी आठवेल." परिषद तिथेच संपली. पुढे दोन्ही उमेदवारांच्या दूरचित्रवाणीवरील पहिल्या वादसभेत हेच वाक्य निक्सन यांच्यासमोर ठेवले गेले आणि त्यांना कोट्यवधी प्रेक्षकांदेखत त्याचा खुलासा करावा लागला. उपाध्यक्षपदाला घटनेने फारसे काम दिलेलेच नव्हते, त्यामुळे सत्तेच्या जवळ बसण्याचा अनुभव आणि सत्ता चालवण्याचा अनुभव यांतला फरक त्या एका वाक्याने उघडा पडला.

कॅथलिक असणे हा एवढा मोठा मुद्दा का झाला?

अमेरिकेतील बहुसंख्य समाज प्रोटेस्टंट होता आणि तोवर एकही कॅथलिक व्यक्ती त्या पदावर निवडून आलेली नव्हती. १९२८ साली डेमोक्रॅटिक पक्षाने न्यूयॉर्कचे गव्हर्नर अल स्मिथ यांना उभे केले होते. रिपब्लिकन उमेदवार हर्बर्ट हूवर यांनी त्यांचा दणदणीत पराभव केला आणि एरवी डेमोक्रॅटिक असलेली दक्षिणेतील अनेक राज्येही त्यांच्या हातून गेली. त्या पराभवाला सुबत्तेचा काळ आणि दारूबंदीला असलेला स्मिथ यांचा विरोध हीदेखील कारणे होती, पण 'कॅथलिक उमेदवार निवडून येत नाही' हा समज त्यातून पक्षात घट्ट रुजला.

विरोध दोन प्रकारचा होता आणि त्यांत फरक करणे आवश्यक आहे. एक होता निव्वळ द्वेष. पोपचे राज्य येईल अशी भीती घालणारी पत्रके गावोगाव वाटली जात होती. दुसरा विचारी लोकांचा होता. चर्च आणि शासन यांची फारकत कॅथलिक धर्मपीठाने तत्त्व म्हणून तोवर मान्य केलेली नव्हती; धार्मिक स्वातंत्र्याविषयीची त्याची भूमिका दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, १९६५ मध्ये, बदलली. तेव्हा चर्चच्या शाळांना सरकारी पैसा द्यायचा का आणि व्हॅटिकनला राजदूत पाठवायचा का, हे प्रश्न १९६० मध्ये विचारणारा प्रत्येक जण धर्मांध होता असे म्हणता येणार नाही. दुर्दैवाने या दोन प्रकारांतली सीमारेषा वारंवार पुसली गेली. ७ सप्टेंबरला वॉशिंग्टनमध्ये सुमारे दीडशे प्रोटेस्टंट धर्मगुरू आणि प्रतिष्ठित मंडळी जमली आणि कॅथलिक राष्ट्राध्यक्षावर त्याच्या धर्मपीठाचा कमालीचा दबाव येईल, असे निवेदन त्यांनी काढले. त्यांच्या वतीने बोलणारे लोकप्रिय धर्मोपदेशक नॉर्मन व्हिन्सेंट पील यांच्यावर एवढी टीका झाली की त्यांना त्या गटापासून दूर व्हावे लागले.

ह्यूस्टनच्या भाषणात केनेडी नेमके काय म्हणाले?

त्या वॉशिंग्टनच्या निवेदनानंतर पाचच दिवसांनी, १२ सप्टेंबरला, केनेडी टेक्सासमधील ह्यूस्टन शहरात प्रोटेस्टंट पाद्र्यांच्या संघटनेसमोर उभे राहिले. श्रोते अनुकूल नव्हते आणि भाषणानंतर त्यांचे प्रश्न घ्यायचे ठरले होते. केनेडी यांनी सुरुवातीलाच सांगितले की, धर्मापेक्षा भुकेली मुले, डॉक्टरांचा खर्च न झेपणारी वृद्ध माणसे आणि अपुऱ्या शाळा हे या निवडणुकीचे अधिक निकडीचे प्रश्न आहेत. त्यानंतर त्यांनी मूळ मुद्दा टाळला नाही. चर्च आणि शासन यांची फारकत पूर्ण असावी, कोणत्याही धर्मगुरूने राष्ट्राध्यक्षाला काय करावे हे सांगू नये आणि कोणत्याही चर्चला सरकारी निधी मिळू नये, अशी आपली भूमिका त्यांनी मांडली. आपण कॅथलिकांचे उमेदवार नसून डेमोक्रॅटिक पक्षाचे उमेदवार आहोत आणि योगायोगाने कॅथलिक आहोत, असे ते म्हणाले.

टेक्सासच्या मातीत त्यांनी मेक्सिकोविरुद्धच्या टेक्सासच्या स्वातंत्र्ययुद्धातील अ‍ॅलामोच्या लढाईची आठवण काढली. बोवी आणि क्रॉकेट या प्रसिद्ध वीरांच्या शेजारी मॅकॅफर्टी, बेली आणि केरी हेही तिथे पडले. ते कॅथलिक होते की नव्हते हे कुणाला ठाऊक नाही, कारण अ‍ॅलामोत धर्माची परीक्षा घेतली जात नव्हती. अमेरिकेच्या राज्यघटनेच्या सहाव्या कलमातही सरकारी पदासाठी धर्माची अट घालण्यास स्पष्ट मनाई आहे आणि हा संदर्भ श्रोत्यांना नेमका कळला.

त्या भाषणातील सर्वांत वजनदार वाक्य वेगळेच आहे. सदसद्विवेकबुद्धी आणि राष्ट्रहित यांत निवड करण्याची वेळ आली, तर आपण पदाचा राजीनामा देऊ, असे त्यांनी जाहीर केले. उमेदवाराने आपल्याला बांधून घेणारी अट स्वतःच जाहीर करावी, असे क्वचित घडते. माझ्या मते त्या निवडणुकीत कोणत्याही बाजूने दिलेले हे सर्वांत जबाबदार उत्तर होते.

उमेदवारी पैशाच्या जोरावर मिळाली, हे खरे का?

पैसा मोठे साधन होते, यात शंका नाही. वडील जोसेफ केनेडी हे देशातील अतिश्रीमंतांपैकी एक आणि १९३८ ते १९४० या काळात ब्रिटनमधील राजदूत होते. धर्मापेक्षा आपल्याला चिंता वाटते ती या वडिलांची, असे ट्रुमन म्हणत. खाणकामगारांच्या वेस्ट व्हर्जिनियात, जिथे कॅथलिकांचे प्रमाण जेमतेम पाच टक्के होते, पक्षाच्या उमेदवारीसाठीच्या प्राथमिक निवडणुकीत केनेडी यांचे प्रतिस्पर्धी ह्यूबर्ट हम्फ्री एका बसमधून प्रचार करत होते, तर केनेडी यांच्याकडे स्वतःचे विमान होते. साखळी दुकानांशी स्पर्धा करणाऱ्या एकट्या दुकानदारासारखी आपली अवस्था झाली आहे, असे हम्फ्री यांनीच म्हटले होते.

तरीही १० मे रोजी तिथे केनेडी यांना सुमारे ६१ टक्के मते पडली, याचे स्पष्टीकरण केवळ पैशाने होत नाही. त्यांनी धर्माचा विषय स्वतःहून काढला, राष्ट्राध्यक्षपदाच्या शपथेचा अर्थ लोकांना समजावून सांगितला आणि खाणींच्या तोंडाशी जाऊन कामगारांशी बोलले. तिथली गरिबी पाहून ते हादरले होते आणि राष्ट्राध्यक्ष झाल्यावर त्यांच्या पहिल्याच कार्यकारी आदेशाने गरीब कुटुंबांना मिळणाऱ्या सरकारी धान्याचे प्रमाण वाढवले.

दूरचित्रवाणीवरील वादसभांनी निवडणूक फिरवली का?

एकूण चार वादसभा झाल्या: २६ सप्टेंबर, ७ ऑक्टोबर, १३ ऑक्टोबर आणि २१ ऑक्टोबर. सर्व उमेदवारांना समान वेळ देण्याचे बंधन काँग्रेसने त्या निवडणुकीपुरते स्थगित केल्यामुळेच फक्त दोघांना समोरासमोर आणणे शक्य झाले. शिकागोतील पहिली सभा सुमारे सात कोटी लोकांनी पाहिली. निक्सन यांचा गुडघा मोटारीच्या दारावर आपटून चिघळला होता आणि ते नुकतेच रुग्णालयातून बाहेर आले होते. वजन घटल्यामुळे सदऱ्याची कॉलर सैल पडली होती, दाढीचे खुंट झाकायला जुजबी पावडर लावलेली होती आणि करडा सूट मागच्या फिक्या भिंतीत मिसळून जात होता. केनेडी गडद सुटात, उन्हाने रापलेले आणि निवांत दिसत होते.

रेडिओ ऐकणाऱ्यांना निक्सन जिंकल्यासारखे वाटले, ही गोष्ट सर्वत्र सांगितली जाते. पण तिचा आधार असलेली पाहणी फार तोकडी आहे आणि तिच्यावर एवढा डोलारा उभा करू नये. दिसण्याच्या चर्चेत आशय झाकोळला जातो, ही माझी खरी तक्रार आहे. पोलाद कारखान्यांची निम्मी क्षमता पडून असताना आपण समाधानी नाही, असे केनेडी त्या रात्री म्हणाले; कृष्णवर्णीय बालकाला माध्यमिक शाळा पूर्ण करण्याची संधी गोऱ्या बालकाच्या निम्मीच मिळते, हेही त्यांनी सांगितले. निक्सन यांनी उत्तराची सुरुवातच केनेडी यांच्या म्हणण्याशी आपल्यापैकी अनेक जण सहमत होतील, अशी केली. उद्दिष्ट एकच आहे आणि मार्ग वेगळे आहेत, ही त्यांची मांडणी तर्काला धरून होती, पण बदल कशाला करायचा हे विचारण्याची संधी त्यांनी स्वतःच घालवली.

धोरणांत खरा फरक किती होता?

वाटतो त्यापेक्षा कमी. शीतयुद्धात कठोर राहण्यावर दोघांचे एकमत होते आणि केनेडी तर अनेकदा निक्सन यांच्याहून कडक भाषा वापरत. क्षेपणास्त्रांच्या बाबतीत सोव्हिएत संघ पुढे गेला आहे, हा त्यांचा आवडता आरोप पुढे निराधार ठरला. आघाडी अमेरिकेचीच होती. क्यूबाच्या बाबतीत कॅस्ट्रोविरोधकांना बळ देण्याची मागणी केनेडी यांच्या प्रचारातून झाली, तेव्हा तशाच गुप्त योजनेची माहिती असलेल्या निक्सन यांना ती फुटू नये म्हणून जाहीरपणे तिच्या विरोधात बोलावे लागले. या दोन्ही मुद्द्यांवर केनेडी यांचे गुण वजा करायला हवेत.

भारताविषयी केनेडी यांची भूमिका काय होती?

ती ठळक आणि सातत्याची होती. १९५८ मध्ये त्यांनी केंटकीचे रिपब्लिकन सिनेटर आणि भारतातील माजी राजदूत जॉन शेरमन कूपर यांच्यासह भारताच्या विकासाला भरघोस मदत द्यावी असा ठराव सिनेटमध्ये मांडला. लोकशाही भारत आणि साम्यवादी चीन यांच्यातील आर्थिक स्पर्धेकडे आशिया पाहतो आहे, असे ते म्हणत. अर्थात निवडणुकीच्या वर्षी भारताला अमेरिकेची मदत मिळत नव्हती असे नाही. मे १९६० मध्ये मुंबईचे नेते आणि केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनमध्ये खुद्द आयझेनहॉवर यांच्यासमवेत चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य मिळवून देणाऱ्या करारावर सही केली होती. भारताच्या दृष्टीने फरक धान्याच्या पुढे जाऊन पंचवार्षिक योजनेला हातभार लावण्याच्या तयारीत होता.

कृष्णवर्णीय मतदारांनी केनेडी यांना का निवडले?

उन्हाळ्यापर्यंत त्यांना केनेडी यांच्याविषयी फारसा विश्वास वाटत नव्हता. १९५७ च्या नागरी हक्क विधेयकाला बोथट करणाऱ्या दुरुस्तीच्या बाजूने त्यांनी मत दिले होते, आणि बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन यांनी तर निक्सन यांचा प्रचार केला. १९ ऑक्टोबरला अटलांटात मार्टिन ल्यूथर किंग यांना अटक झाली आणि वाहन परवान्याच्या जुन्या क्षुल्लक प्रकरणावरून त्यांना चार महिन्यांच्या सक्तमजुरीसाठी तुरुंगात धाडले गेले. केनेडी यांनी किंग यांच्या गर्भवती पत्नी कोरेटा यांना फोन करून दिलासा दिला. धाकटे बंधू रॉबर्ट यांनी न्यायाधीशाला फोन केला. निक्सन गप्प राहिले. किंग यांची सुटका झाल्यावर त्यांच्या वडिलांनी, जे स्वतः बॅप्टिस्ट धर्मोपदेशक होते आणि केनेडी कॅथलिक म्हणून निक्सन यांना मत देणार होते, आपला कौल जाहीरपणे बदलला. निळ्या कागदावर छापलेली या प्रसंगाची पत्रके मतदानाच्या आधीच्या रविवारी कृष्णवर्णीयांच्या चर्चबाहेर लाखोंनी वाटली गेली.

मॅकार्थी प्रकरणाचा संबंध काय?

अनेकांवर साम्यवादी असल्याचे बेछूट आरोप करणारे सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांच्या निषेधाचा ठराव डिसेंबर १९५४ मध्ये मंजूर झाला, तेव्हा केनेडी पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे रुग्णालयात होते. पण रुग्णालयातूनही आपले मत नोंदवता येण्याजोगे होते आणि त्यांनी ते नोंदवले नाही. मॅकार्थी हे त्यांच्या कुटुंबाचे स्नेही होते. एलेनॉर रूझवेल्ट यांनी हे कधी पुरते माफ केले नाही आणि माझ्या मते त्यांचे चुकले नाही.

प्रकृतीविषयी मतदारांना काय सांगितले गेले आणि सत्य काय होते?

४ जुलै १९६० रोजी, म्हणजे केनेडी ट्रुमन यांना उत्तर देत होते त्याच दिवशी, लिंडन जॉन्सन यांच्या गोटातील जॉन कॉनली आणि इंडिया एडवर्ड्स यांनी पत्रकारांना सांगितले की, केनेडी यांना अ‍ॅडिसनचा आजार आहे. या आजारात अ‍ॅड्रिनल ग्रंथी निकामी होतात आणि रुग्णाला कायम औषधांवर राहावे लागते. रॉबर्ट केनेडी यांनी तत्काळ निवेदन काढले की, आपल्या बंधूंना शास्त्रीय अर्थाने अ‍ॅडिसन म्हणतात तो आजार नाही आणि कधी नव्हता. 'शास्त्रीय अर्थाने' या पळवाटेवर सारे निवेदन उभे होते.

सत्य असे की, १९४७ मध्ये लंडनला या आजाराचे निदान झाले होते आणि तेव्हापासून ते कॉर्टिसोनसारख्या औषधांवर होते. १९५५ मध्ये शस्त्रक्रियाशास्त्राच्या एका नियतकालिकात हा आजार असूनही पाठीची मोठी शस्त्रक्रिया झालेल्या ३७ वर्षांच्या एका रुग्णाची हकीकत छापून आली होती. नाव दिलेले नव्हते, पण तो रुग्ण केनेडीच होते. त्यांच्या वैद्यकीय नोंदी इतिहासकाराला पाहायला मिळाल्या त्या थेट २००२ मध्ये.

आजार असलेला माणूस राष्ट्राध्यक्ष होऊ शकत नाही, असे मला मुळीच म्हणायचे नाही. आयझेनहॉवर यांना सप्टेंबर १९५५ मध्ये हृदयविकाराचा झटका आला, त्याची माहिती देशाला रोजच्या रोज दिली गेली आणि पुढच्याच वर्षी मतदारांनी त्यांना मोठ्या बहुमताने पुन्हा निवडले. हाच विश्वास केनेडी यांनी मतदारांवर दाखवायला हवा होता. ह्यूस्टनमध्ये प्रतिकूल श्रोत्यांपुढे निर्भयपणे उभा राहणारा माणूस या एका प्रश्नावर मात्र लपला.

निकाल किती निसटता होता, आणि शिकागोतील गैरप्रकारांनी तो ठरवला का?

सुमारे ६ कोटी ९० लाख मतांत दोघांतले अंतर साधारण १ लाख १३ हजारांचे होते. राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्षात निवडणाऱ्या, राज्यवार प्रतिनिधींच्या निर्वाचक मंडळात केनेडी यांना ३०३ आणि निक्सन यांना २१९ मते मिळाली; १५ मते व्हर्जिनियाचे सिनेटर हॅरी बर्ड यांना गेली. इलिनॉय राज्य केनेडी यांनी ९ हजारांहून कमी मतांनी जिंकले आणि शिकागोत गैरप्रकार झाल्याचे आरोप तेव्हापासून होत आले आहेत. परंतु इलिनॉयची २७ मते वजा केली तरी केनेडी यांच्याकडे २७६ उरतात आणि बहुमताला २६९ पुरेशी होती.

धर्मामुळे त्यांची मते घटली की वाढली?

दोन्ही झाले. गॅलपच्या पाहणीनुसार सुमारे ७८ टक्के कॅथलिकांनी त्यांना मत दिले, तर प्रोटेस्टंटांपैकी केवळ ३८ टक्क्यांनी. कॅथलिक मते मोठ्या औद्योगिक राज्यांत एकवटलेली असल्यामुळे निर्वाचक मंडळाच्या गणितात त्यांचा लाभ अधिक झाला.

ह्यूस्टनमध्ये दिलेला शब्द त्यांनी पाळला का?

पाळला, आणि त्याची किंमतही मोजली. १९६१ मध्ये त्यांनी सरकारी शाळांना केंद्रीय मदत देणारे विधेयक आणले. कॅथलिक बिशपांनी चर्चच्या शाळांनाही कर्ज मिळावे अशी मागणी लावून धरली, तेव्हा अशी सरसकट मदत घटनेत बसत नाही, असे केनेडी यांनी जाहीरपणे सांगितले. जुलैमध्ये ते विधेयक प्रतिनिधिगृहाच्या नियम समितीत आठ विरुद्ध सात मतांनी अडले. निर्णायक आठवे मत न्यूयॉर्कचे जेम्स डिलेनी यांचे होते, आणि ते डेमोक्रॅटही होते आणि कॅथलिकही.